पांढऱ्या रश्शाची वाटी

रविवार, १८ मे २००८

पन्हाळ्याहून दुपारी परतलो. त्या हॉटेलात बारा वर्षांखालच्या पोरांना प्रवेश नव्हता, म्हणून पाच वर्षांच्या अमोलला आईकडं ठेवून सुनीता आणि मी दोघंच गेलतो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आठपर्यंत झोपलो. गरम जेवण गरमच खाल्लं. कुणाची रडारड नाही.

पण नवराबायकोला बोलायला विषय काय, तर अमोलच. काल दुपारी ताट आल्याबरोबर सुनीतानं सवयीनं पांढऱ्या रश्शाची वाटी बाजूला सारली. अमोलला तांबडा झोंबतो, म्हणून घरी ती आपला पांढरा त्यालाच देते. वेटरनं विचारलं, "वैनी, पांढरा आवडला न्हाय काय?" तिनं गडबडीनं वाटी परत पुढं ओढली. मी चिडलो. दोन दिवस तरी पोराला विसर की!

आज घरीही मटण होतं. बसल्या बसल्या सुनीतानं वाटी अमोलपुढं केली. त्यानं ती परत ढकलली.

"मी तांबडा खातोय आता."

"कवापास्नं?" सुनीतानं विचारलं.

"काल दुपारपास्नं," आई कौतुकानं म्हणाली. "दोनदा मागून घेतला की! नाकाडोळ्यातनं पाणी, पर सोडला न्हाय."

काल दुपारी. म्हणजे तिकडं सुनीता वाटी बाजूला सारत होती, तेव्हाच.

पुढच्या सुट्टीचं बुकिंग करू का, असं सुनीताला विचारणार होतो. राहूनच गेलं. वाटी आमच्या दोघांच्या मधे गार होत होती. शेवटी मीच प्यालो.