पोटातलं जस्त

अकोला, ८ नोव्हें. १९६४
दिवाळी संपली. दरवर्षीप्रमाणे कुसुमची उंची दाराच्या चौकटीवर घेतली. पेन्सिलीची रेघ बरोबर गेल्या वर्षीच्या रेघेवर. पोरगी पंधराची, दिसते दहाची. ही म्हणते, तुमच्याच घराण्यात बुटके. वाद घालता येत नाही, काका खरंच बुटके होते.

१५ नोव्हें.
कुसुमला पुन्हा चुलीला लावायची पांढरी माती खाताना पकडलं. वरणाला चव नाही म्हणून वर मीठ घेते, आणि माती गोड लागते! जंताचं औषध दोनदा झालं. लोहाच्या टॉनिकच्या तीन बाटल्या. फरक शून्य. वैताग.

२८ नोव्हें.
बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. तरुण डॉक्टर. पोरगी खाते काय, हे विचारणारा पहिलाच. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, कधीमधी ताक. म्हणाले, इराणात नुसत्या रोटीवर वाढलेली, माती खाणारी मुलं अशीच खुंटलेली सापडली. पोटात जस्त कमी पडत असावं. धान्यात ते असतं, पण कोंडा अंगी लागू देत नाही. "अंदाज आहे मास्तर, खात्री देत नाही." अंडी, कलेजी द्या म्हणे. आमच्या घरात!
वीस वर्षं वर्गात जस्तावर आम्ल ओतून हायड्रोजन काढतोय. तेच जस्त पोटाला लागतं, हे आज कळलं. मास्तर कसला मी.

३० नोव्हें.
जठारपेठेत औषधवाल्याने जस्ताचे म्हणून डोळ्यांत घालायचे थेंब पुढे केले. पोटात घ्यायचं हवं म्हटलं तर म्हणाला, "मास्तर, जस्त बादलीले लागते, पोरीले कायले?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, मूर्खासारखा.
रात्री हिच्यापुढे अंड्याचा विषय काढला. ताटावरून उठली.

५ डिसें.
शाळेतल्या मेश्राम ड्रॉइंग मास्तरांना विचारलं, कुसुम तुमच्याकडे जेवली तर? घरी सांगू, तुमच्या बायकोकडे भरतकाम शिकायला जाते. मेश्राम चिडले. "चोरून काहून? बौद्ध झालो तवापासून आमी लपूनछपून काई करत नाई. वैनीले सांगा, मंग पोरगी आमचीच हाय." सांगितलंय, म्हणालो. धडधडीत खोटं.

१७ जाने. ६५
आठवड्यातून तीनदा जाते. मेश्रामबाई समोर बसवून कलेजी खाऊ घालतात. भरतकामाचा एक टाका येत नाही अजून. ही सारखी रुमाल दाखव म्हणते. काय दाखवू, माझं कपाळ?
मेश्राम शाळेत भेटले की वैनी कशा आहेत विचारतात. मी घड्याळ बघतो.

२१ फेब्रु.
सकाळी कुसुमने ताट सरकवलं. "आई, वरण खारट झालं." दोन वर्षांत पहिल्यांदा. हिने चाखून पाहिलं. खरंच खारट होतं.
दुपारी पेन्सिल घेऊन चौकटीपाशी गेलो तर ही आडवी आली. राहू द्या, दिवाळीलाच बघू. तिलाही भीती वाटते तर.
मग पुरणपोळ्यांचा डबा हातात दिला. "मेश्रामबाईंना द्या. म्हणावं, मला माहीत आहे."
कधीपासून?
"पहिल्याच दिवशी पोरीच्या तोंडाला वास आला. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली."
डबा टेबलावर आहे. पोळ्या गार झाल्या. मेश्रामांना तर मी डिसेंबरातच सांगितलंय, की ही सगळं जाणते.