ट्रेमेलन आडनावाचा माग

पोर्थलेव्हन,
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय डेन्झिल,

तू बरा असशील. आई एक्क्याण्णव वर्षांच्या मानाने ठणठणीत आहे. वृद्धाश्रमात कुणालाच केशर घातलेले गोड पाव धड भाजता येत नाहीत, असं रोज सगळ्यांना ऐकवते.

गालातून फिरवलेला कापूस तू चिठ्ठीशिवाय पाठवलास, पण पाठवलास. जनुकांच्या तपासणीचे निकाल आले आहेत. आधी आडनावाचं सांगते, कारण सुरुवात मी तिथूनच केली होती.

आपल्या इथल्या जुन्या बोलीत ट्रे म्हणजे वस्ती आणि मेलन म्हणजे गिरणी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. पण जाळी टाकणाऱ्या घराण्याला गिरणीचं नाव कुठून चिकटलं? बॉडमिनच्या माळावरही ट्रेमेलन आहेत, पण ते आपले कुणी नव्हेत, असं बाबा छातीठोकपणे सांगायचे. जनुकांचा एक धागा बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा उतरतो, मुलींकडे येत नाही. म्हणून तुझा कापूस हवा होता, आणि जॅगोचाही. काकांचा जॅगो, ज्याला बाबांनी होडी दिली तोच. तो म्हणाला, "लव्हडे, चारशे वर्षांपूर्वीची मढी उकरतेस, त्यापेक्षा माझं गळकं छप्पर बघ की." पण दिला.

तुमचे दोघांचे धागे जुळले. शिवाय माळावरच्या ट्रेमेलनांशीही जुळले. सोळाशेच्या आसपास तुमचा मूळपुरुष एकच असावा. मी तिकडे जाऊन आले. ओढ्याकाठी नेच्यांच्या रानात गिरणीचा फुटका दगड अजून पडलेला आहे. तिथली म्हातारी डोरकास ट्रेमेलन मला म्हणाली, "म्हणजे मासे मारायला पळाले, ते तुम्ही होय." तिचं नाक हुबेहूब तुझं आहे.

तू ट्रेमेलन आहेस, डेन्झिल. सगळे जेवायला बसलेले असताना बाबा "हा माझा नव्हे" म्हणाले, होडी जॅगोला दिली आणि एकोणिसाव्या वर्षी तू जगाच्या दुसऱ्या टोकाचं होबार्ट गाठलंस. त्यात तुझा काही दोष नव्हता.

हे मला तीन महिन्यांपूर्वीच कळलं. लिहायला उशीर केला, कारण मी माझाही कापूस पाठवला होता. बायकांकडे तो धागा नसला तरी कोण कुणाचं किती लागतं, हे दुसऱ्या तपासणीत कळतं. तुझं-माझं नातं निम्मं निघालं. आई एक, बाप वेगळे. जॅगोशी तर माझं काहीच जुळत नाही. अदलाबदल झाली असेल म्हणून मी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच आलं.

कागद घेऊन आईकडे गेले. तिने चष्मा लावला, पण वाचलं नाही.

"त्यांचा संशय खरा होता," ती म्हणाली. "फक्त पोर भलतंच धरलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"हा तुमचाच, असं ठासून सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच संशयाने तुझ्याकडे बघितलं असतं. तू अकरा वर्षांची होतीस. तो हातापायांनी धड होता, कुठेही जगला असता."

मी कागद घडी घालून पिशवीत टाकले. ज्या घरातून तू गेलास, त्याच घरात मी अजून राहते. तुझ्या खोलीत माझं शिवणयंत्र आहे. बाबांची हनुवटी घेतलीस, असं लोक मला जन्मभर म्हणत आले आणि मला ते आवडायचं.

माझ्याशी जुळणाऱ्यांच्या यादीत रोस्केअर हे आडनाव सात वेळा येतं. आईला विचारलं तर "एका उन्हाळ्याची गोष्ट," एवढंच म्हणाली आणि चहा मागितला. लाज वाटायला हवी, पण खरं सांगते, मला उत्सुकताच जास्त वाटते. रोस्केअर कुठले, काय करायचे, तो माणूस कसा हसायचा. रोज सकाळी ती यादी उघडते आणि बंद करते. तुला सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलं आहे.

तुला लिहू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. मी गेल्यावर नको, आत्ता लिही."

सकाळी नऊला ती ताजीतवानी असते. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल. फोन कर. रागवायचं असेल तर पोटभर रागव, पण तिला ऐकू येतंय तोवर.

कागदावर निम्मी असले तरी तुझी बहीणच,
लव्हडे

(आडनावापाशी पेन थांबलं. ते लिहू की नको, तूच सांग.)