ओट्याविना आठवडा

सोमवार, २ जून २००८, रेगेन्सबर्ग

खोलीत गॅस नाही! शेगडीसुद्धा नाही. तोंड धुवायला बेसिन तेवढं. उत्कर्षला फ्रँकफर्टच्या ऑफिसने आठवडाभर इथल्या मोटारींच्या कारखान्यात पाठवलंय. आम्ही दोघं त्याच्याकडे आलेलो, म्हणून आमचीही वरात ह्या पेन्सिऑनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये. "आई, इथे किचन नाहीये हं. शनिवारपर्यंत बाहेरच जेवायचं." ह्यांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मनात — देव पावला!

लग्न होऊन आले त्याच महिन्यात पुण्याच्या आमच्या खाणावळीत ओट्याशी उभी राहिले, ती अजून उभीच आहे. हे गल्ल्यावर. पोळ्यांना सुलेखा असते, बाकी सगळं माझ्या हातचं. सध्या कॉलेजच्या मुलांना सुट्ट्या, म्हणून कुलूप. सोळा तारखेला उघडायची.

मला पुन्हा ओट्याशी जायचं नाहीये. पाय राहिले नाहीत, आणि मनही. ह्यांना सांगायचंय. इथेच, ह्याच आठवड्यात. पुण्यात बोलायला फुरसत कुठे मिळते!

मंगळवार, ३ जून

उत्कर्षची शिकवणी: मोठ्या चर्चसमोर बसायचं नाही, तिथे देखाव्याचेही पैसे लावतात. मागच्या गल्लीत शिरायचं. दुपारी पोटभर जेवून घ्यायचं, कारण दुपारचा बेत स्वस्त. रात्री पाव-चीज.

शिरलो. एका दाराशी खडूने लिहिलेली पाटी — आजचे दोन बेत, सूप त्यातच. हे पाटीसमोर थबकले. "अगं, ही तर आपली राइस प्लेट!" बिनमांसाचं मागितलं तर क्नोडेल आले. शिळ्या पावाचे गोळे, वर मश्रूमचा दाट रस्सा. आपल्या मुटक्यांचे थोरले भाऊच. मीठ बेताचं, रस्सा मुरलेला. आणि मुख्य म्हणजे कुणीतरी आणून वाढलं! गरम! मी बसलेली असताना!

टेबलावरच्या टोपलीत ब्रेझेल होते, खारट पावाची वेटोळी. पापड-लोणच्यासारखे असतील म्हणून ह्यांनी दोन हाणले, मी एक. बिलात तिन्ही हजर. संध्याकाळी उत्कर्ष हसला. "गेनाऊ, बरोबरच आहे, बाबा. खाल्ले तेवढे मोजतात." हे चिडतील असं वाटलं, तर हे खूश! "झकास आहे ही पद्धत. आपणही सोळापासून लोणचं मोजूनच लावू."

सोळापासून.

बुधवार, ४ जून

विद्यापीठाच्या मेन्झात जेवलो — विद्यार्थ्यांचं मोठं कँटीन. पाहुण्यांना दर थोडा चढा, तरी स्वस्तच. जेवण झालं की ट्रे आपणच सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा, तो आपोआप आत जातो. हे तिथेच खिळले. "कुंदा, बघ ना! पोरं स्वतः उचलतात!" म्हणे आपणही मुलांना सवय लावू, शिवाय शेजारचा गाळा घेऊ, वीस पानं वाढतील. वाढतील खरी. वाढणार कोण?

मी एक घोळ घातला. आमचे ट्रे उचलता उचलता शेजारच्या मुलाची प्लेटही उचलली. तो बिचारा अजून खात होता! "हालो, हालो!" मी प्लेट परत ठेवली. तो हसला, मीही हसले. बाहेर बाकावर येऊन बसले तेव्हा मात्र हसू येईना. इतक्या लांब येऊनही मी खरकटीच काढतेय.

पाय सुजलेत. सांगितलं नाही. पायांचंही नाही आणि दुसरंही नाही.

गुरुवार, ५ जून

सांगून टाकलं!!

परवाच्याच गल्लीतली दुसरी खाणावळ. सगळीकडे सध्या श्पार्गेल, म्हणजे आपल्या शतावरीची गोरीपान बहीण. आपण बाळंतिणीला शतावरी दुधातून देतो, इथे अख्खा गाव लोणी-बटाट्यांबरोबर खातोय. आम्हीही खाल्ली. वेट्रेस ताटं न्यायला आली आणि मला विचारलं, "हाट्स गेश्मेक्ट?" आवडलं का? इथे असं सगळ्यांना विचारतात, उत्कर्षने सांगून ठेवलंय. "या, गुट" म्हणायचं असतं, म्हणजे हो, छान.

हा माझा प्रश्न आहे! आवडलं का रे, भात हवा का, मीठ बरोबर आहे ना — जन्म गेला विचारण्यात. मला कुणी विचारलं नाही. ह्यांनीही नाही.

ती ताटं हातात घेऊन उभी, आणि मी ह्यांना म्हणाले, "अहो, मला आता ओट्याशी उभं राहायचं नाही. सोळा तारखेला नाही, कधीच नाही." मराठीत, पण आवाज चढलेला. तिला वाटलं जेवणाची तक्रार! चेहरा पडला बिचारीचा. हे घाईघाईने "गुट, गुट! जेअर गुट!" आणि ती गेल्यावर, माझ्याकडे न बघता — "मग मी काय करू दिवसभर?"

माझे पाय दुखतात का, हे विचारलं नाही. फार राग आला.

शुक्रवार, ६ जून

सकाळपासून अबोला. दुकानातून पाव, चीज, काकडी घेतली आणि नदीकाठच्या बिअरगार्डनमध्ये गेलो. इकडची रीत अशी की झाडांखालच्या टेबलांवर आपलं खाणं आपण आणून खायचं, प्यायला तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. एरवी ह्यांनी त्या मालकाला वेड्यात काढलं असतं. आज काही नाही. सफरचंदाचा रस पुढ्यात घेऊन बसले. काकडी मात्र ह्यांनी कापली. जाड, वेडीवाकडी.

फोडी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "मुलं मला काका म्हणतात. कुलूप लावलं तर कोण म्हणेल?" माझा राग तिथेच उतरला. म्हटलं, कुलूप लावा असं मी कुठे म्हणाले? ओटा नको म्हणाले.

"तुझ्यावाचून चालायची नाही खाणावळ, कुंदा."

हे वाक्य ह्यांचं नेहमीचं. खोटं कशाला लिहू, मला ते दर वेळी गोड लागतं. त्याच्याच जोरावर उभी राहिले. आजही म्हणाले तेव्हा वाटलं, जाऊ दे, अजून एखादं वर्ष काढू. पण तोंडाने हेच आलं, "चालवून बघा."

शनिवार, ७ जून

दुपारची गाडी. सकाळी ह्यांनी उत्कर्षच्या मोबाइलवरून सुलेखाला फोन लावला. "सोळापासून सगळंच तू करशील का? काकू आता नाही करणार." ती म्हणाली, "हो काका, करते की." मसाल्याचं प्रमाण तिला ठाऊक आहेच म्हणे.

संपलं! माझा चहासुद्धा निवला नव्हता. हे माझ्याकडे बघून हसले, मोठं काम केल्यासारखे. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

माझ्यावाचून अडत नव्हतं. कधीच.