एका पायावरची दंडार

बिरसी,
ता. १८ सप्टेंबर २०२५

चि. शामकला हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. धान चांगला निसवून लोंब्या आल्या आहेत. तुझी वहिनी कंबर धरून का होईना, पण धानाच्या बांधीत जाते. माझे कान होते तसेच आहेत. कानातलं यंत्र खणात पडून आहे. घातलं की शिट्टी वाजते, काढलं की निदान शांतता तरी मिळते. म्हणून फोन करू नकोस, पत्रच लिही. कोहमाऱ्याची बस दोन तासांत येते आणि पत्राला चार दिवस लागतात, याचा राग पोस्टावर काढ, माझ्यावर नको.

आता मुख्य बातमी. गोंदियाच्या एका संस्थेने आपल्या गावच्या तरुण पोरांसाठी लोककलेचं शिबिर काढलं आहे. नात प्रेरणा कॉलेजातून आली की त्याचंच बघते, आणि आजोबाला शिकवायला उभं करायची कल्पनाही तिचीच. रोज चार ते सहा शाळेच्या पटांगणात मी टिपऱ्यांचा नाच, आपली दंडार, शिकवतो. बावीस जण आहेत, त्यात बारा पोरी. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मंडईची जत्रा, तिथे भर दुपारी सगळ्या गावासमोर दंडार करायची. गाणं बाबांचंच घेतलं, बगळ्याचं. गेल्या तीस वर्षांत ते कोणी गायलं नव्हतं.

पण या पोरांच्या पायांना काय म्हणावं? टिपऱ्या नीट मारतात, फेर नीट धरतात. ओळीच्या शेवटच्या 'गा'वर सगळ्यांनी बगळ्यासारखं एका पायावर थांबायचं, तिथे मात्र एकही जण थांबत नाही. सगळे पुढे धावत सुटतात. बाबांच्या फेरात सोळा गडी एका पायावर उभे राहायचे आणि मंडईतली माणसं श्वास धरायची, आठवतं ना? मी ओरडून थकलो. परवा केशोरावच्या रेणूला सगळ्यांसमोर म्हटलं की हे पाय नाचायचे नाहीत, घरी जाऊन बिड्या वळ. त्या दिवसापासून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. मला वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला?

बारा ऑक्टोबरला संस्थेचे लोक बघायला येणार. जमलं नाही तर ते गोंदियाहून डान्स शिकवणारा आणतील आणि डीजेवर गाणं लावतील. मग बाबांचं गाणं संपलं आणि मीही परत ओट्यावर बसायला मोकळा. कान गेल्यापासून चार वर्षं मला कोणी काही विचारायला येत नव्हतं, शामकला. आता रोज एवढी पोरं येऊन पाया पडतात. खोटं कशाला बोलू, मला ते सोडवत नाही.

भाऊजींना नमस्कार, भाच्याला, कैलाशला आशीर्वाद. माया आहे हे मी जाणतो, पण ती पत्रातूनही येऊ दे.

तुझा दादा,
उदाराम

*

कोहमारा,
ता. २३ सप्टेंबर २०२५

ती. दादास, शामकलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कैलाशचा ढाबा नवरात्रामुळे भरलेला आहे. पोळ्या लाटून माझे हात आणि उभं राहून माझे गुडघे गेले आहेत, पण बारा पोरी हे वाचून मी लाटणं खाली ठेवलं आणि दोनदा वाचलं.

दादा, मी बारा वर्षांची असताना फेरात यायचं म्हटलं होतं. बाबा नुसते हसले होते. तू मात्र सगळ्या गड्यांसमोर म्हणालास की पोरगी फेरात आली तर मी टिपऱ्या चुलीत घालीन. मग मंडईला मी गोठ्याच्या भिंतीआड उभी राहून दंडार बघितली. राग आहे असं समजू नकोस. अठ्ठावन्न वर्षं राग धरायला मला सवड कुठे होती? पण आता तूच पोरींना पाय उचलायला शिकवतोस, याचं हसूही येतं आणि डोळेही भरतात.

एक कळलं नाही. थांबायला शिकवावं कशाला लागतं? बाबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळायचे आणि मी दुसरं टोक धरून बसायची. 'बांधीच्या धुऱ्यावर बगळा उभा, वाट कोनाची पाहून राह्यला गा'. त्या 'गा'वर बाबांचा आवाजच तुटायचा, हातातला दोरही थांबायचा. ती चाल ऐकली की माणूस आपोआप थांबतो. तुमच्या फेरात कोणाला थांब म्हणून सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

रेणूच्या बाबतीत मात्र चुकलास. लेकीच्या वयाचीही नाही ती, नातीच्या वयाची आहे. तिच्या घरी जा.

वहिनींना नमस्कार. भांडण काढलं म्हणून लोभ कमी करू नये.

तुझी,
शामकला

*

बिरसी,
ता. २७ सप्टेंबर २०२५

ती. शामाआजीस, प्रेरणाचा सा. न. वि. वि.

आजी, हे पत्र मी आजोबांना न सांगता लिहिते आहे. फोन करायला घेतला, पण घरात सगळे असतात आणि बोलताना मला रडूच आलं असतं.

तुमचं पत्र आजोबांनी मला वाचायला दिलं. चाल ऐकली की माणूस थांबतो, हे वाक्य वाचून मी जुन्या फेरातल्या बिसरामबाबांकडे गेले आणि आजोबांनी आम्हाला गाऊन शिकवलेलं गाणं म्हणून दाखवलं. ते म्हणाले की हे तर मंगळवारच्या भजनाची चाल होय, उदारामनं बगळ्याले टाळकरी काऊन केलं? आजोबा तीस वर्षं भजनात गायले. कान गेल्यावर दोन्ही चाली मनात एकत्र झाल्या असाव्यात. भजनात 'गा' लांबत लांबत थेट पुढच्या ओळीत जातो. तिथे थांबायला जागाच नाही, आजी. आम्ही थांबणार कुठे? चूक आमच्या पायांची नाही, पण ओरडा आम्ही खातो. आजोबांना ते ऐकूच येत नाही आणि आम्हाला तर तीच खरी चाल वाटत होती.

आता सगळ्यांना कळलं आहे, पण सांगायला कोणी तयार नाही. आमच्यातला मुन्ना म्हणतो, बुढ्ढे का दिल टूट जाएगा. आजोबा दुपारी तीनपासूनच धुतलेला सदरा घालून तयार असतात. बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं की आम्ही वर बघतो आणि आम्हाला बघून तेही वर बघतात, ऐकू आल्यासारखे. ते बघून मी सांगायचं पुढे ढकलते. सांगितलं तर ते शिबिर सोडतील, आणि नाही सांगितलं तर बारा तारखेला सगळंच जाईल. मी काय करू?

तुमच्या उत्तराची वाट पाहते. माया आहेच, थोडी अक्कलही पाठवा.

तुमची नात,
प्रेरणा

*

कोहमारा,
ता. १ ऑक्टोबर २०२५

चि. प्रेरणा हिस, शामाआजीचे अनेक आशीर्वाद.

पोरी, रडू नकोस. अक्कल माझ्याकडेही बेताचीच आहे, पण चाल आहे. ढाब्यामागे लाकडाच्या ढिगावर बसून मी कैलाशच्या फोनमध्ये गाणं भरलं. दम लागला म्हणून तीनदा भरावं लागलं. मधे एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तेवढा सोडून ऐका. कैलाश आजच तुझ्या फोनवर पाठवतो. पत्र मागून येईल.

आधी रेणूला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन ये. मग सगळ्यांनी मिळून ऐका, शिका. दादाला आत्ता काही सांगू नकोस. बारा तारीख झाली की मी स्वतः त्याला लिहीन. हे त्याला माझ्याकडूनच कळलं पाहिजे, पोरांकडून नाही. तरी खरं सांगू, मला चोरी केल्यासारखं वाटतं आहे. तो समोर उभा असणार आणि आपण त्याचं शिकवणं त्याच्या डोळ्यांदेखत बदलणार. मान राखायचा म्हणून आपण माणसाला किती एकटं पाडतो, हे गाताना मला फार लागलं.

अभ्यास कर. आजीची आठवण ठेव, वर्षातून एकदा का होईना ढाब्यावर जेवायला ये.

तुझी,
शामाआजी

*

बिरसी,
ता. १४ ऑक्टोबर २०२५

चि. शामकला हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तू लिहिण्याआधी मीच लिहितो. मला सगळं कळलं आहे.

सात तारखेला प्रेरणाने खुर्चीवर फोन ठेवला आणि पोरं भोवती गोळा झाली. मला वाटलं, काहीतरी फालतू बघत असतील. बघतो तर रेणूही आलेली. मग फेर सुरू झाला. पहिली ओळ संपली आणि बावीसच्या बावीस जण एका पायावर उभे. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. एकही पाय हलत नव्हता. आणि मला समजलं की हे थांबणं मी दिलेलं नाही. बाबांची ती चाल गळ्यात असलेलं जगात आता एकच माणूस आहे.

मी प्रेरणाला विचारलं तशी ती रडायला लागली. मग तिने फोन माझ्या तळहातावर ठेवला आणि गाणं लावलं. बोटांना थरथर लागत राहिली, आणि एका जागी थांबली. मोजून एक ठोका. पुन्हा सुरू झाली. मी तसाच बसून पूर्ण गाणं हाताने घेतलं. शामकला, चार वर्षांत मी एवढा रडलो नव्हतो. राग कोणाचाच आला नाही. माझ्याच चुकीसाठी मी महिनाभर पोरांना बोललो, याची लाज मात्र वाटली.

त्याच संध्याकाळी केशोरावच्या घरी गेलो. रेणूला तिच्या बापासमोर सांगितलं की तुझे पाय बरोबर होते, चूक माझी होती. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तिने चहा आणून दिला. बारा तारखेला संस्थेच्या लोकांना मी आपणहून सांगितलं की मला ऐकू येत नाही, मी पाय शिकवू शकतो, गाणं नाही. त्यांनी दंडार पूर्ण बघितली. मग त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं की डीजे आणणार नाही, पण गायला माणूस पाहिजे. पोरांनी फोनवरून गाणं घेतलंय खरं, पण प्रेरणा लिहून सांगते की दुसऱ्या कडव्यानंतर मुन्ना तोंडाने ट्रकचा हॉर्नही वाजवतो. तोही गाण्यातलाच आहे असं त्याला वाटतं, आणि कोणी सांगितलं तरी ऐकत नाही.

आता तुझ्या त्या गोष्टीबद्दल. टिपऱ्या चुलीत घालीन म्हणालो, ते गावाच्या लाजेखातर नव्हतं. बाबा दोर वळताना चाल तुझ्या गळ्यात बसवायचे, माझ्या नाही. तू फेरात आलीस तर मला कोण बघणार, ही भीती होती. मी सोळा वर्षांचा होतो, पण एवढं कळायचं वय होतं. माझं चुकलं. हे सांगायला मला म्हातारा आणि बहिरा व्हावं लागलं.

मंडईला फेराच्या मधोमध उभं राहून तू गायचं आहेस. गुडघ्यांसाठी खुर्ची ठेवतो. कैलाशला सांग, आईला चार दिवस सोड, पोळ्या दुसरं कोणी लाटेल. भाऊबीजेला सकाळच्या बसने निघ. मी गोंदियाच्या बस स्टँडवर दहापासून उभा राहीन. गर्दी असेल. मला हाक मारू नकोस, कळणार नाही. उतरलीस की हात वर कर आणि मी बघेपर्यंत खाली घेऊ नकोस.

तुझा दादा,
उदाराम