कामेन्काची माती

अर्खांगेल्स्क
२८ सप्टेंबर २००३

ती. आईबाबांस,
तायाचा सा. न. वि. वि.

बोटीने सुखरूप पोचले. आई, राय धान्याच्या कणकेत भाजलेला तुझा मासा वाटेतच संपला. शेजारच्या दोघा लाकूडतोड्यांचं म्हणणं, वासावरच त्यांचं जेवण झालं.

गावाहून आणलेल्या मातीच्या पिशव्या प्रयोगशाळेत तपासून झाल्या. बातमी चांगली नाही. कामेन्का शेताच्या चाळीसही हेक्टरांची माती आंबट निघाली, जवळजवळ आपल्या आंबवलेल्या कोबीइतकी. बारा वर्षं तिथे नांगर लागला नाही, माणूसभर उंच बर्चची झाडं उगवलीत, तरी खणलं की एक वीत काळसर थर अजून तसाच आहे, खालच्या राखट मातीवर सुरीने कापल्यासारखा सरळ. तो पाहून मला भरून आलं होतं. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

अडचण सामुदायिक शेताच्या नोंदवहीची आहे. तिच्यात लिहिलंय की १९८६ साली कामेन्कावर दोनशे टन चुना पसरला. बाबा, तुम्हीच पसरलात. त्याचाच फोटो आपल्या भिंतीवर आहे, आणि त्यावरच मी चौथीत निबंध लिहिला होता, 'माझे बाबा मातीला जेवू घालतात'. इतका चुना खाऊनही माती सतरा वर्षांत पुन्हा आंबट होत असेल, तर ती काहीच धरून ठेवत नाही, असा निष्कर्ष निघतो. मग वीस नोव्हेंबरला जमिनींची समिती माझा अहवाल पाहून कामेन्का शेतजमिनीतून काढून जंगलात घालील, आणि ग्लेबदादाचा अर्ज तिथेच संपेल. गाई ठेवण्याजोगी दुसरी जमीन नदीच्या आपल्या काठावर नाही, हे मलाही ठाऊक आहे.

एक कोडं मात्र सुटत नाही. घळीच्या तोंडाशी खणलेल्या सातव्या खड्ड्यात आम्लाचा थेंब टाकला तर माती फसफसली. असं चुन्यानेच होतं. बाबा, तिथे काही सांडलं होतं का? आठवून लिहा.

वेरावहिनीला आणि तिच्या पोटातल्या पाहुण्याला गोड पापा. माझ्यावरचा लोभ हे पत्र वाचल्यावरही टिकावा.

तुमची,
ताया


पिल्नेमा
८ ऑक्टोबर

चि. ताया हिस,
आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. निबंधापर्यंत आले, तर तुझे बाबा उठले, बंदूक घेतली आणि रानातल्या झोपडीवर निघून गेले. ताटात बटाटे तसेच. चार दिवसांनी आले, हातात एक पाखरू नाही. चुन्याचं विचारलं तर म्हणाले, नोंदवहीत आहे तेच खरं, शिकलेल्या पोरीला वाचता येत नाही का. तुझ्याबद्दल ते असं कधी बोलले नव्हते. मला फार लागलं.

ग्लेब तर पेटलाय. म्हणतो, घरात एक पोरगी पदवीधर केली, ती भावाच्याच पायाखालची जमीन ओढायला. एक आकडा इकडचा तिकडे केलास तर कोणाचं काय जाणार, असं त्याचं म्हणणं. जमीन मिळाली नाही तर नाताळाआधी वेराला घेऊन तो शहरात कारखान्यावर जाणार. नऊ घरांत चूल पेटते आता, ताये. हे गेले की आठ. बाळ शहरात वाढेल आणि उन्हाळ्यात येऊन मला आजी कुठली म्हणून विचारेल.

तुझ्या फसफसणाऱ्या खड्ड्याचं मला कळत नाही. पण आपली मालिना रोज दावं तोडून तिकडेच पळते. तिच्या आईलाही तीच खोड होती. सगळं रान सोडून घळीच्या काठचंच गवत गोड लागतं हिला. तुझे बाबा तिथून हाकताना असे चिडतात की मला गाईचीच दया येते.

बावीस तारखेला शेवटची बोट. मग नदी पक्की गोठेपर्यंत टपाल बंद. दुकानातल्या फोनवर काही बोलू नकोस, दुकानवाल्या ल्युबाचा कान फोनच्या तारेपेक्षा लांब आहे.

लोकरीचे मोजे घाल. माया आहेच, तू फक्त पत्र पाठवत राहा.

तुझी,
आई


अर्खांगेल्स्क
१५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आईलाही देऊ नका.

आकडा मी बदलणार नाही. दादाला सांगा, मी त्याची वैरी नाही. पण तुम्ही मला शिकायला धाडलंत ते खोटं सुवाच्य अक्षरात लिहिता यावं म्हणून नव्हे.

मालिनाचं वाचल्यावर घळीकडच्या सगळ्या पिशव्या मी पुन्हा तपासल्या. घळीच्या काठापासून तीस पावलं माती गोड आहे, गांडुळांनी भरलेली. त्यापुढे एकदम आंबट. शेतभर पसरलेला चुना असा एका रेषेवर थांबत नाही. ढीग थांबतो.

बाबा, पुढचं मी लिहीत नाही. मला वाटतं ते चूक असेल तर मी तुमची जन्माची अपराधी. पण बरोबर असेल तर सगळंच उलटतं. कामेन्काने चुना घालवला नाही, तिला तो मिळालाच नाही. आणि जिथे मिळाला तिथे सतरा वर्षं तिने तो जपला.

मी खड्डे आणि नोंदवही दोन्ही समितीपुढे ठेवीन. समिती नोंदवहीच मानील, कारण तिच्यावर शिक्के आहेत आणि माझ्याकडे फक्त अंदाज. त्या वेळी यंत्रावर बसलेल्या माणसाने सहीनिशी लिहून दिलं तरच अंदाजाला किंमत येईल. तो माणूस एकच आहे.

हे पत्र शेवटच्या बोटीने पोचेल. उत्तराला बोट नसेल. पण त्यासाठी नदीच्या कोवळ्या बर्फावर पाऊल टाकू नका, मग जमिनीचं काय व्हायचं ते होवो.

रागावलात तरी दूर लोटू नका.

तुमची,
ताया


पिल्नेमा
१० नोव्हेंबर

चि. ताया,
अ. आ.

मला पत्राची सवय नाही. सरळ लिहितो.

चुना मे महिन्यात पुराच्या पाण्यावर आला. एरवी आपली नदी मालाची बोट घेत नाही, म्हणून वर्षाचं सगळं एकदाच येतं. काठावर उघड्यावर ओतला. तीन आठवडे पाऊस लागला, भुकटीचे दगड झाले. पसरायचं यंत्र दुसऱ्या दिवशी मोडलं, सुटा भाग पुढच्या पुराला मिळणार होता. सोमवारी जिल्ह्याची माणसं पाहणीला यायची होती. मुकादम म्हणाला, वेन्या, काठ मोकळा दिसला पाहिजे, शेत कोण खणून बघतंय. दोन दिवस मी बुलडोझरने सगळं घळीत ढकललं आणि वर माती ओढली. सोमवारी त्यांनी मोकळा काठ पाहिला, चुन्याने माखलेलं माझं पांढरं तोंड पाहिलं आणि फोटो काढला. फोटोतली धूळ तेवढी खरी आहे.

मुकादम वारला. त्याच्यावर ढकलता येईल. पण बुलडोझरवर मी होतो.

तू निबंध वाचून दाखवलास त्या दिवशी सांगणार होतो. तुझ्या वेण्यांना नव्या फिती होत्या. नाही सांगितलं.

सोबत वेगळा कागद आहे. पूर्ण नाव, बापाचं नाव, सही. साक्षीदार ग्लेब आणि ल्युबा. ल्युबाने सही केली म्हणजे नऊच्या नऊ घरांना कळलं. ग्लेब खोरं कुठे आहे म्हणाला. घळीत जाऊन खणून आला. गठ्ठे आहेत तसे आहेत. फोडले तर फुटतात.

फोटो काढून चुलीमागे ठेवला. भिंतीवर चौकोन उरलाय. आई तिथे कॅलेंडर लावू म्हणते.

टपालाची घसरगाडी यायला अजून पंधरा दिवस. बर्फ आज चार बोटं धरलाय. नदीपलीकडच्या पोस्टापर्यंत काठी ठोकत जाईन, दोन फळ्या बरोबर घेतो. आईला सांगितलेलं नाही. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा ओरडून उपयोग नाही.

तुझा बाप,
वेनियामिन पोताशेव


अर्खांगेल्स्क
२१ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकीट सतरा तारखेला मिळालं. फुगलेलं, निळी शाई पसरलेली. मागे पलीकडच्या पोस्टातल्या बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'भिजलं म्हणून भट्टीवर वाळवलं. आणणारा कमरेपर्यंत भिजला, त्यालाही वाळवला. ठीक आहे.' मी पाकीट न उघडता त्या ओळींवर हात ठेवून बसून राहिले. ओरडायचं आहेच, पण ते समोर बसून.

काल समिती झाली. तुमचा कागद मी उभी राहून वाचला. वाचता वाचता घळीपाशी आले तेव्हा एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, लेक बापालाच उघडं पाडतेय. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, आमच्याही गावी एक टेकाड आहे, त्याच्यावर फार छान गवत येतं, आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. मग त्यांनी सातव्या खड्ड्याची माती मागून घेतली आणि स्वतः थेंब टाकला.

कामेन्का जंगलात गेली नाही. तीन वर्षांसाठी ग्लेबदादाला मिळाली. अट एकच, चुना घालून माती सुधारल्याचं तिसऱ्या वर्षाअखेर दाखवायचं. मोजायला मी येणार नाही. यापुढे घरचं माणूस चालणार नाही, आणि मलाही ते नको. दादाला म्हणावं, वहिनीचं सामान बांधलं असेल तर सोड.

बाबा, भिंतीवर कॅलेंडर लावू देऊ नका. फोटोही इतक्यात नको. चुना तिथेच आहे, शेत तिथेच आहे, आणि ते काम अजून तुमच्याच नावावर लिहिलेलं आहे. पूर ओसरून वाट वाळली की मी रजा घेऊन येते. चुन्याची शेवटची गाडी पसरून झाली की तोंड न धुता, आहात तसे पांढरे घरी या. फोटोचा खिळा मी ठोकीन.

तोवर लोभाचं राहू द्या, कोरडे बूट घाला.

तुमची,
ताया