उलटा फिरलेला पंखा

१२ फेब्रुवारी, मंगळवार

ती. दादास,

चिमीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड तेवढंच जोरात चालतं. काल मी मोटरमध्ये भरलेल्या तारांच्या कॉइल बघून म्हणाले, "हे काय, उशीत कापूस कोंबतेस?" वहिनी कशी आहे? शाळेच्या कचेरीत तू रमलास असं मावशी म्हणाली. मला काही ते खरं वाटत नाही.

दादा, रंगाच्या कारखान्यातल्या टाकीच्या पंख्याची मोटर परत आपल्या दुकानात आलीय. तीच. कॉइल जळाल्या होत्या, मी नव्या भरल्या. उद्या मलाच जाऊन बसवायचीय आणि गुरुवारी दोन माणसं टाकी साफ करायला आत उतरणार.

तूच मला शिकवलंस. तीन तारांतली वीज एकीमागून एक जोर धरते, म्हणून चुंबकाचा ओढा गोल फिरतो आणि मधला रोटर त्याच्यामागे धावत सुटतो. दोन तारांची अदलाबदल झाली की ओढा उलटा, रोटरही निमूटपणे उलटा. "मोटरला स्वतःची अक्कल नसते, चिमे, तुझ्यासारखीच!" मी तुला पक्कड फेकून मारली होती.

आता लिहूनच टाकते. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी हीच मोटर दुकानात चालवून, दिशा बघून तू तारांना लाल, पिवळा, निळा दोरा बांधलास. कारखान्यात त्या-त्या रंगाच्या तारेला जोडायचं, एवढंच. तू चहाला गेलास. तारांवर नळ्या चढवायचं काम माझं. लाल आणि पिवळा दोरा नळीत अडकायला लागला म्हणून मी दोन्ही सोडले. मग कुठला कुठे होता ते आठवेना. अंदाजाने बांधले. सांगितलं असतं तर मोटर पुन्हा चालवून बघावी लागली असती आणि तू ओरडला असतास. एवढ्याशासाठी गप्प बसले.

पंखा टाकीतली वाफ बाहेर ओढायच्या ऐवजी खाली दाबत राहिला. आत उतरलेले टाकीवाले काका वाचले, पण अजून जिना चढताना तीनदा थांबतात. मी रस्ता बदलून जाते.

बाबा तुला चारचौघांत म्हणाले, "परत माझ्या मोटरला हात लावू नकोस." तू मान खाली घालून निघून गेलास. मी दाराआड उभी होते. पंखा सुरू केल्यावर तू समोर कागद धरून वाऱ्याची दिशा बघितली नाहीस, असं नऊ वर्षं मनाला समजावत आले. ते खरंही आहे. पण दोरे मी सोडले होते.

उद्या मी कागद धरीन, दहादा धरीन, तरी भीती जाणार नाही. आणि तुझ्या रागाची भीती तर त्याहून मोठी आहे. तू मला तोडून टाकलंस तर मी काय करू, ते मला ठाऊक नाही. तरी हे तुला कळायलाच हवं होतं.

बाबा पलीकडे बसून चष्मा पुसतायत. पाकीट बंद करायच्या आधी हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे. पत्र तुझ्या हातात पडलं, म्हणजे बाबांनी ते ऐकलंय असं समज.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
चिमी