आमचा भोंगा

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार, आणि सोबत तुझ्या नातीचा खणखणीत टाहो. तो तिथवर ऐकू आला नसेल तर नवलच!

काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे. फक्त रोज दिवेलागणीला आमचा भोंगा सुरू होतो. पाय पोटाशी घेते, लालबुंद होते, घर डोक्यावर घेते. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, "वजन छान वाढतंय. काही महिन्यांत रडणं आपोआप थांबेल." त्यांचं काय जातंय सांगायला!

काल बेकरीतून घरी आलो, तर तुझी सून म्हणाली, "घे तुझी लेक. माझे हात गळून गेले." सैल मळलेलं पीठ मधे तुटू नये म्हणून बेकरीत आम्ही ते कोपरापासून मनगटापर्यंत हातावर आडवं घेतो. सवयीने मी लेकीलाही तसंच घेतलं. पालथी, गाल माझ्या कोपराशी, पोट मनगटावर. पाठ थोपटत फेऱ्या मारल्या. तिने पहिलवानासारखा ढेकर दिला आणि गप्प झाली!

"पीठ समजलास की काय तिला?" म्हणून तुझी सून हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मग दुसऱ्या हाताने तिलाही थोपटलं.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग.

मीही असंच भोकाड पसरायचो, हे तू नेहमी हसून सांगतेस. बाबा तर तेव्हा बोटीवर असायचे. मग मी झोपल्यावर तुला कुणी थोपटलं गं, आई?

तुझा,
थोरला भोंगा